मागच्या डाव्या चाकाची तक्रार

नाशिक, ३ फेब्रुवारी २०२५

मोतीराम भाऊजी,

हे पत्र नवसाबाईचं आहे, तुमच्या थोरल्या भावजयीचं. आधी सही बघून पाकीट चुलीत घालाल म्हणून सही मी शेवटच्या पानाच्या मागे केली आहे. तिथपर्यंत जायचं तर वाचावं लागेल.

फोन तीनदा लावला. दोनदा वाजून वाजून थकला. तिसऱ्यांदा तानूने, माझ्या धाकट्या जावेने, उचलला आणि म्हणाली, "ते घरात नाहीत." मागून तुमचा आवाज आला, "सांग, वावरात गेले." मी म्हटलं, "वावरातला माणूस फार जवळून बोलतो गं." तानू हसली आणि फोन बंद झाला. चौदा वर्षांत तुमचे तीन शब्द कानावर आले, तेही तानूला उद्देशून. तेवढ्या भांडवलावर लिहिते आहे.

विषय गाडीचा आहे. ती आहे अजून, तीच, बहात्तर सालची पांढरी फियाट. हे गेल्यापासून दीड वर्ष मी तिला पुसते. रविवारी कॉलनीतून दोन फेऱ्या मारते. मला चालवता येते हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही नाशिक सोडून नामपूरला गेलात त्यानंतर ह्यांनी शिकवली. शेजारच्या सीटवर बसायला त्यांना कोणीतरी हवं होतं.

तर मागच्या डाव्या चाकातून आवाज येतो. आणि १७ मार्चला गाडीचं पासिंग आहे. महेशने अट घातली आहे, "आई, पास झाली तर ठेव. नापास झाली तर मी दुसरी तारीख काढणार नाही. द्राक्षवाल्यांना देऊन टाकू." तुमचा पुतण्या वाईट नाही. बासष्टाव्या वर्षी आई गाडी चालवते याची त्याला भीती वाटते, आणि सातपूरला कारखान्यात तीन पाळ्यांचं बघून तो दमलेला असतो. पण द्राक्षवाल्यांचा बेत ऐका. दिंडोरीकडे त्यांचा वाईनचा कारखाना आहे, तिथे लोक तिकीट काढून द्राक्षं बघायला जातात. त्यांना गाडी चालवायची नाही. दारात चौथऱ्यावर ठेवायची, इंजिन काढून तिथे माती भरायची, आणि त्यातून वेल वर सोडायचा. म्हणजे ह्यांनी एकोणतीस वर्षं जिला दाढी करायच्या आधी पुसलं, तिची कुंडी.

सातपूरच्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने गाडीभोवती फेरी मारली, स्वतःचा फोटो काढला आणि म्हणाला, "आजी, हिचे पार्ट आता स्वर्गातच मिळतील." मी म्हटलं, "तिथे आमचं माणूस आहे, पण ते पार्सल पाठवत नाही."

मग गाडीचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि वाचनालयातून शब्दकोश आणला. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं जे काही आहे ते असं जमवलेलं. शब्दकोशाप्रमाणे ड्रम म्हणजे नगारा आणि शू म्हणजे जोडा, तर माझ्या गाडीच्या नगाऱ्यात दोन जोडे आहेत आणि ते नगाऱ्याला घासतात. हे वाचल्यावर मला ह्या गाडीचा जुना मिस्त्री आठवला, म्हणजे तुम्ही.

आवाज असा: पाट्यावर कोरडी सुंठ वाटताना येतो तसा. खर्र, मग जरा थांबून पुन्हा खर्र. काय असेल?

नवसाबाई


नाशिक, १२ फेब्रुवारी

मोतीराम भाऊजी,

कार्ड मिळालं. कुशल नाही, मंगल नाही, नुसते तीन प्रश्न, एकाखाली एक. पोस्टमन म्हणाला, "आजी, कोर्टाचं आहे का हो?" मी म्हटलं, "माझ्या दिराचं आहे, पण तुमचा अंदाज फार लांब नाही."

उत्तरं देते. पण ती मिळवायला काय झालं ते आधी सांगते.

मी आत बसले तर आवाज नीट ऐकू येत नाही, कारण इंजिनही बोलत असतं. म्हणून शेजारच्या कुसाबाईला घेतलं. ती मखमलाबादच्या मळ्यातली मेथी-शेपू विकते. बाजाराच्या गलक्यात दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाने भाव विचारलेला तिला ऐकू येतो. ती पदर खोचून चाकाशेजारून वाकून चालायची आणि मी पहिल्या गिअरमध्ये गाडी न्यायची, असं ठरलं.

"नवसे, हळू चालव! मी काय बैल हाय का गाडीबरोबर पळायला?"

"हळूच आहे. आवाज येतोय का?"

"येतोय. लय रडतंय बिचारं."

"आता ब्रेक दाबते. दाबला!"

"गप झालं गं!"

"सोडला!"

"लागलं बोलायला!"

असे आम्ही कॉलनीत ओरडत चाललो होतो. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी खिडकीतून विचारलं, "काय हरवलंय का?" कुसाबाई वाकूनच म्हणाली, "हरवलं नाय मास्तर, नको ते सापडलंय."

तर उत्तरं. एक, ब्रेक दाबला की आवाज बंद होतो, सोडला की चालू होतो. दोन, चाक फिरेल तसा येतो, एका फेरीला एकदा. तीन, दहा मिनिटं चालवून मग चाकं बघितली. तुम्ही लिहिलं होतं हात लावू नका, नुसता जवळ न्या. मी हातही नेला नाही. भाकरी टाकण्याआधी तव्यावर मारतो तसा पाण्याचा शिंतोडा मारला. उजवं चाक गप्प. डावं म्हणालं, चर्र.

कुसाबाई म्हणते दोन भाकऱ्या सहज झाल्या असत्या.

नवसाबाई


नाशिक, २० फेब्रुवारी

मोतीराम भाऊजी,

दुसरं कार्ड मिळालं. ह्या वेळी चार प्रश्न आणि वर एक अख्खं वाक्य. म्हणजे आपलं बरं चाललं आहे.

तुमचं म्हणणं समजलं. ब्रेक सोडल्यावर आतल्या बुटाने मागे सरकायला हवं, तो सरकत नाही, ड्रमला टेकूनच राहतो. म्हणून न दाबता घासतो आणि चाक तापतं. एक तर ओढून धरणारी स्प्रिंग मेली, नाही तर बूट जागेवर गंजून अडकला. उघडल्याशिवाय कळणार नाही. हे मी कुसाबाईला समजावलं. ती म्हणाली, "आमच्या धाकट्याचं असंच शे म्हणून कळव तुझ्या दिराला. काम संपलं तरी बाजूला सरकत नाय, घासतच बसतो." तिने 'आहे'ला तुमच्याकडचं 'शे' मुद्दाम म्हटलं, तुमचं कार्ड मी तिला वाचून दाखवते म्हणून.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ब्रेकचं तेल कमी झालेलं नाही, डबीत खुणेपर्यंत आहे. दुसरा, चाकाच्या आतल्या बाजूला ओल नाही, बोट फिरवून बघितलं. तिसरा, ह्या चाकाचं काम मागे कोणी केलं. भाऊजी, तुमच्यानंतर फक्त ह्यांनी.

चौथ्या प्रश्नावर शाई फाकली आहे. लागला नाही.

वाईनवाल्यांचा एक पोरगा काल येऊन टेपने गाडी मोजून गेला. लांबी, रुंदी, उंची. मी विचारलं, "अंगरखा शिवणार का?" तर म्हणे चौथरा बांधायला घ्यायचा आहे. पास-नापास अजून व्हायचं आहे म्हटल्यावर म्हणाला, "आजी, असल्या गाड्या पास होत नसतात." त्याला चहा दिला. साखर घातली नाही.

नवसाबाई


नाशिक, २८ फेब्रुवारी

मोतीराम भाऊजी,

तुमचं तिसरं कार्ड म्हणजे दोन्ही बाजूंनी भरलेली कामाची यादी आणि तळाला लाल शाईत, बोटभर उंचीच्या अक्षरांत, तोच चौथा प्रश्न: ह्या ड्रमात पूर्वी कधी तेल गेलं होतं का? लाल शाईने माझ्या डोळ्यांना त्रास होतो. तेलाचं म्हणाल तर शेंगदाण्याचं फारच महाग झालं आहे.

आता कामाचं. काल ड्रम उघडला.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. सपाट जागा बघितली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, जॅकच्या जोडीला लाकडाचा ओंडका दिला. नाकाला पदर बांधला. आतला भुगा फुंकला नाही, ओल्या फडक्याने टिपला. ड्रम निघाल्यावर ब्रेक कोणी चुकूनही दाबू नये, असं तुम्ही तीनदा लिहिलं होतं. म्हणून कुसाबाईला भाजीचा कोयता घेऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभं केलं. महेश रात्रपाळी करून आला, त्याने हे बघितलं आणि काही न विचारता घरात जाऊन झोपला.

ड्रम निघेना. तुमची युक्ती केली, कडेकडेने लाकडाने ठोकत गेले. लाकूड म्हणजे धुण्याची मोगरी. पाऊण तासाने तो सुटला आणि माझ्या मांडीवर आला. जड आहे हो.

आत दोन बूट. खालची स्प्रिंग जाड, काळी, बसकी. वरची मात्र तिच्या घराण्यातली नव्हती. लांब, बारीक, जागोजागी पसरलेली, आणि वेढ्यांच्या मध्ये हिरवा रंग. मी ती बघत राहिले. मग उठून मागच्या दारी गेले. आमच्या मागच्या जाळीच्या दाराला तोच हिरवा रंग आहे. त्या दाराला स्प्रिंग नाही. अकरा वर्षांपूर्वी ती तुटली, तेव्हा हे म्हणाले होते, "मांजरीने तोडली." भाऊजी, ती मांजर जिवंत होती तोवर मी तिला शिव्या दिल्या.

ह्यांनी गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही. एकदाही नाही. सातपूरभर गॅरेज आहेत. पण काही झालं की म्हणायचे, "हिला मोतीरामचा हात ठाऊक आहे, दुसऱ्याचा चालणार नाही." तुम्हाला बोलवायचंही नाही आणि दुसऱ्याकडे जायचंही नाही, मग उरतं काय? दाराची स्प्रिंग.

मी ती काढून धुतली आणि देवाजवळ नाही ठेवली, तेवढं वेड लागलेलं नाही. डब्यात ठेवली आहे. ड्रम तसाच परत बसवला.

खरी स्प्रिंग कुठे मिळेल? सतरा दिवस आहेत.

नवसाबाई


नाशिक, ४ मार्च

मोतीराम भाऊजी,

काल दुपारी तानूचा फोन आला. तुम्ही बाजार समितीत कोणाचा तरी कांद्याचा ट्रॅक्टर सुरू करायला गेला होतात म्हणे. तानू हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, "जाऊबाई, तुम्हाला कार्डं लिहिताना ते तीन-तीन कच्चे कागद फाडतात. आणि तुम्हाला एक सांगू का? ते ब्रेकला हात लावत नाहीत. इथे आल्यापासून नाहीच. इंजिन खोलतात, गिअर बसवतात. ब्रेकचं गिऱ्हाईक आलं की म्हणतात, मालेगावला ने. लोक हसतात. म्हणतात, मोतीरामकडून गाडी चालू करून घ्या आणि थांबवायला मालेगावला जा."

मी विचारलं, "का पण?"

तानू म्हणाली, "म्हणतात, माझ्या हाताने एकदा गाडी थांबली नाही. पुढच्या वेळी माणूस मरायचा."

फोन ठेवला आणि कागद काढला. मला वाटत होतं तुम्ही रागावून गेलात. रागाचं मला काही वाटत नव्हतं. राग आमच्या घरात सगळ्यांनाच येतो.

तुमच्या चौथ्या प्रश्नाचं अक्षर मला पहिल्यांदाच लागलं होतं. उत्तर लिहिलं तर तुम्ही कार्ड पाठवणं बंद कराल, गाडी नापास होईल, आणि पुढच्या वर्षी लोक तिकीट काढून तिच्यातली द्राक्षं बघतील. म्हणून शाई फाकवली. आता लिहिते. मग बंद करा.

हो. तेल गेलं होतं. मी ओतलं.

दोन हजार दहाचा दसरा. महेशचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मागच्या दोन्ही चाकांना नवे बूट घातले आणि गाडी करकरायला लागली. तुम्ही म्हणालात, "नवे आहेत वहिनी, दोन दिवस कुरकुरतील, मग बसतील." मी ऐकलं होतं. पण दसऱ्याला पूजा मांडली, पाने-हातोड्या धुऊन तेल लावून ठेवल्या, शिवणयंत्राला दोन थेंब दिले, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. माझ्या माहेरी दसऱ्याला बैलगाडीच्या आसालाही वंगण घालायचे. सणाच्या दिवशी कुठलंही लोखंड रडता कामा नये, अशी आजीची शिकवण. आणि ही गाडी पूजेला पुढे घेताना रडली.

तुम्ही आदल्या दिवशी चाकामागच्या ताटलीचं रबरी बूच काढून आत स्क्रूड्रायव्हर घातलेला मी बघितला होता. शिवणयंत्राला तेलाची भोकं असतात. हे गाडीचं भोक, असं मी समजले. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही याचं नवलही वाटलं. सगळे जेवायला बसले तेव्हा शिवणयंत्राची कुपी घेऊन गेले. ती पुरेना, म्हणून वाटीत शेंगदाण्याचं घेतलं आणि कुपीत पुन्हा पुन्हा भरून ओतलं. डावं-उजवं दोन्ही. एका चाकाला द्यावं आणि दुसऱ्याला नाही, हे मला बरं वाटेना. बूच पुसून परत लावलं. हळदकुंकू वाहिलं. गाडी गप्प झाली. मला इतकं समाधान वाटलं भाऊजी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. साखरपुड्याच्या मांडवाशी उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायची तिथे थांबली नाही. बासुंदीचं पातेलं, मग आचाऱ्याचा पाट, मग व्याही. व्याही उडी मारून वाचले, गुडघ्यापर्यंत बासुंदीत. आणि ह्यांनी सगळ्यांच्या देखत तुम्हाला म्हटलं, "तुझ्या हातात आता कसब राहिलं नाही, मोतीराम. माणूस मेला असता." तुम्ही आपल्या हातांकडे बघितलंत. मी पंगतीच्या कडेला उभी होते, हातात चांदीचं निरांजन. मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ड्रम उघडला तेव्हा कळलं. तुम्ही पहाटेच्या गाडीने नामपूरला गेला होतात. हे अंगणातून आत आले, बोटं नाकाशी धरून. मोरीत हात धुतले, तीनदा साबण लावला. मग मला म्हणाले, "दसऱ्याला भाजीला तेल कमी पडलं होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाले. एवढंच. त्यानंतर आम्ही दोघं तेरा वर्षं याच्यावर एक अक्षर बोललो नाही.

त्यांनी तुमच्याकडे यायचं तर माझं नाव सांगावं लागलं असतं. नवी सून घरात येणार होती, व्याही तोंडावर होते. ते माझी वाट बघत होते, मी सांगेन म्हणून. मी त्यांची वाट बघत होते, ते विचारतील म्हणून. तुमच्या दाराशी दोघांपैकी कोणी आलं नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, "मोतीरामला..." आणि मी म्हटलं, "बरे व्हा, मग बघू." मला माहीत होतं ते काय म्हणणार आहेत. दहाव्याला तुम्ही घाटावर लांब उभे होतात, जेवला नाहीत, निघून गेलात. तेव्हाही मला धावत येता आलं असतं.

तुमच्या हाताने गाडी थांबली असती. हाताला काहीच झालेलं नाही. हे माझ्याकडून लेखी घ्या, म्हणून सही ह्या वेळी पुढेच करते.

नवसाबाई गोरक्ष


नाशिक, ११ मार्च

मोतीराम भाऊजी,

कार्ड आलं नाही. पोस्टमन आता आमच्या दारावरून नुसती मान हलवून जातो.

बरोबर आहे. मी तक्रार करत नाही.

तुम्हाला चार लोकांत बोलणं बसलं होतं, म्हणून मीही चार लोकांत सांगितलं. रविवारी महेशला आणि सुनेला समोर बसवलं. महेशने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुपीने? दोन्ही चाकांत?" मग उठून अंगणात गेला आणि गाडीशेजारी उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "काका माझ्या लग्नालाही आले नव्हते." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "आई, तू फार वाईट केलंस." सून मात्र तोंडाला पदर लावून हसत होती, मग तिला रडू आलं, मग परत हसू.

व्याह्यांनाही फोन केला. ते आता थकले आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे मला 'तेल मी ओतलं' हे वाक्य चार वेळा मोठ्याने सांगावं लागलं. खिडकी उघडी होती. कॉलनीला आता सगळं माहीत आहे. व्याही म्हणाले, "मोतीरामला सांगा, माझी काही तक्रार नव्हती. बासुंदी उत्तम होती. पायाने कळत होतं."

आता पुढचं. स्प्रिंग नाशिकमध्ये मिळाली नाही. मिळाली असती तरी ती मी बसवली असती का, देव जाणे. सतरा तारखेला सहा दिवस आहेत. कुसाबाईच्या पुतण्याचा मोठा ट्रक परवा कांदे आणायला नामपूरला रिकामा येतो आहे. जाताना त्यात गाडी चढवायची. महेश स्वतः येऊन दोर बांधणार आहे, त्याने कारखान्यातून पट्टे आणले आहेत. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसेन. कुसाबाईही येते म्हणते, तिला आवाज शेवटपर्यंत ऐकायचा आहे.

गाडी तुमच्या दारात उतरवेन. हात लावू नये वाटलं तर लावू नका. सतरा तारीख गेली तर जाऊ दे. कुंडीच व्हायची असेल तर तुम्ही तिला बघितल्याशिवाय होणार नाही.

तुम्ही घरात नसाल तर तानूला सांगून ठेवा, कुठल्या वावरात आहात ते. मी तिथपर्यंत येईन.

नवसाबाई


नामपूर, १५ मार्च, तुमच्या ओट्यावरून

मोतीराम भाऊजी,

तुम्ही माझ्यापासून दहा पावलांवर गाडीखाली आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. कारण तोंडाने बोलायला परवानगी आहे की नाही, ते अजून कळलेलं नाही. परवा ट्रक आला तेव्हा तुम्ही दारातच होतात. गाडी उतरली. माझ्याकडे न बघता तुम्ही तिच्याभोवती फिरलात, टपावर हात ठेवलात, आणि तानूला म्हणालात, "आरसा कोणी बदलला?" एवढं बोलून आत गेलात ते काल दिवसभर होळी-धुळवडीचं निमित्त करून बाहेर आला नाहीत. कुसाबाईने तानूबरोबर पुरणपोळ्या केल्या आणि दर अर्ध्या तासाने दार वाजवून विचारलं, "मिस्त्री, आवाज ऐकवू का?"

आज सकाळी उठले तर गाडी जॅकवर होती आणि शेजारी एक पत्र्याचा डबा. झाकण गंजून बसलेलं, तुम्ही हातोडीने उघडत होतात. आत ब्रेकचंच सामान, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, त्यावर दोन हजार दहाची तारीख. स्प्रिंगा होत्या. ग्रीस लावून ठेवलेल्या, जाड, काळ्या. कसब गेलं म्हणणारा माणूस सामान असं जपून ठेवत नाही भाऊजी, पण हे मी मनात म्हटलं.

मग तुम्ही गाडीखाली गेलात आणि तिथून चौकशी सुरू झाली, तानूमार्फत.

"तानू, त्यांना विचार, तेल किती ओतलं होतं?"

"तानू, सांग, वाटीभर. मोठी वाटी."

"विचार, कोमट केलं होतं का?"

मी म्हटलं, "तानू, सांग, पूजेचं होतं, फोडणीचं नव्हतं."

 मग तुमचे पाय हलायला लागले. हसता आहात की काय होतं आहे, ते ओट्यावरून दिसत नव्हतं. कुसाबाईने कान दिला आणि मला खूण केली, बोलू नको. मग तुम्ही आतूनच म्हणालात, "चौदा वर्षं मी हात बघत बसलो, तानू. रोज. जेवताना पण."   त्यावर मी कुठलीही सबब सांगणार नाही.

दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदलल्यात. उजव्या चाकातही दाराचीच निघाली, म्हणजे दुसरं दार कुठलं होतं ते घरी जाऊन बघावं लागेल. बूट घासून पुसून बसवलेत, ड्रम चढवलेत, चाक हाताने फिरवलंत. ते गुपचूप फिरलं. कुसाबाई जमिनीला कान लावून म्हणाली, "गेलं." मग तुम्ही तानूला म्हणालात, "सतराची तारीख शे ना? मग उद्याच निघणं पडेल. माझी पिशवी भर. आणि सांग, गाडी मी चालवणार नाही. ज्यांनी आणली त्यांनी चालवावी. मी शेजारी बसतो."

आता पाईपातली हवा काढायची राहिली आहे. ते काम एकट्याचं नाही. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि एकाने चाकापाशी तोटी उघडून फसफसणारी हवा जाऊ द्यायची, मग तोटी बंद, मग पाय वर. ह्यांच्याबरोबर मी ते शेकडो वेळा केलं आहे. तुम्ही मघापासून "तानू, तानू" अशा हाका मारता आहात. तानू स्वयंपाकघरात परातीत हात घालून बसली आहे आणि मला डोळ्यांनी दटावते आहे, तुम्ही जाऊ नका, त्यांनीच तुम्हाला हाक मारू दे. कुसाबाई अचानक बहिरी झाली आहे.

इथेच थांबवते. तुम्ही हाक मारलीत. "वहिनी, दाबा," म्हणालात.